पावसाळा आणि भूकंपाचा संबंध असतो का?

१० जुलै २०२४, सकाळचे सव्वासात. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद, उमरखेड, महागाव भागात भूकंपाचा धक्का जाणवला. केंद्र शेजारच्या हिंगोलीत होतं, तीव्रता ४.५. दिवस पावसाचे, त्यात पैनगंगेवरचं इसापूर धरण जवळच. त्यामुळे 'धरण भरलं की जमीन हलते का?' हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

पण हिंगोलीतच, तेवढ्याच तीव्रतेचा धक्का २१ मार्च २०२४ रोजीही बसला होता. तेव्हा कुठला पाऊस? दोन धक्क्यांवरून ऋतूचं गणित मांडता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. महाराष्ट्रात त्या कोयनेला आहेत.

कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. वजनात सांगायचं तर जवळपास ३०० कोटी टन! दर पावसाळ्यात हा भार वाढतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरतो. सोबतच पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतं. भ्रंशातल्या पाण्याचा दाब वाढला की एकमेकांवर घट्ट बसलेल्या खडकांची पकड सैल होते. पण झिरपायला वेळ लागतो, म्हणून धक्के पाऊस पडताक्षणी नाही, तर अनेकदा काही आठवडे-महिन्यांनी वाढतात. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा विनाशकारी भूकंपही पावसाळा सरल्यावरचा. हीच प्रक्रिया समजून घेण्यासाठी कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं.

नेपाळमध्ये तर धरणाचीही गरज नाही. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात साठणाऱ्या पाण्याच्या वजनाने हिमालयातल्या भ्रंशावरचा ताण किंचित बदलतो. तिथे लहान भूकंप उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त नोंदले जातात.

मात्र पाणी हे निमित्त. ताण आधीच साठलेला असावा लागतो, नाहीतर प्रत्येक भरलेल्या धरणाखाली भूकंप झाले असते. त्यामुळे 'अमुक महिन्यात मोठा भूकंप येणार' असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर तो पुढे पाठवू नये. भूकंपाची तारीख आजही कुणालाच सांगता येत नाही.

मार्चच्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने केलेलं आवाहन जास्त कामाचं होतं: घरावरच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड धक्क्यात डोक्यात पडू शकतो. पत्रे नट-बोल्टने आवळलेले बरे.