घोड्याच्या पाठीवरचा ताण

घोड्याला हासळीचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेलेच नाहीत. दोन खांद्यांच्या मधोमध छातीचा पिंजरा स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. शरीराचं सुमारे 60 टक्के वजन या पुढच्या पायांवरच येतं. खोगीर अरुंद असलं किंवा स्वार एका अंगाला कलून बसला, की हे स्नायू आखडतात. मग घोडा पाऊल आखूड टाकतो, तंग आवळताना कान मागे पाडतो, आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. हा मोठा अन्याय आहे.

हा ताण सैल करायला हात कुठे ठेवावा, हे घोडेच दाखवतात. कळपातले सोबती एकमेकांचा मानेच्या बुडाशी असलेला उंचवटा दातांनी खाजवतात. क्लोडिया फे आणि जान द माझिएर यांनी 1993 मध्ये फ्रान्सच्या कामार्ग घोड्यांवर दाखवलं, की माणसाने नेमकं तिथे खाजवलं तरी हृदयाचे ठोके मंदावतात. कमी आवडीच्या जागी तसं होत नाही.

म्हणून माथेरानला दिवसभर पर्यटक वाहणाऱ्या घोड्याचं खोगीर उतरवलं, की खरारा उरकून टाकू नये. तळहाताने त्या उंचवट्यावर सावकाश दाब द्यावा. मान खाली आली, खालचा ओठ सैल पडला, जांभई आली, तर हात योग्य जागी आहे. त्वचा थरथरली किंवा घोडा बाजूला सरकला, तर दाब कमी करावा. सूज, हाताला गरम लागणारी जागा किंवा लंगडणं दिसलं, तर मालिश नको, पशुवैद्यच हवा.