वेताळ एक, कुंचले अनेक

वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या श्रीदेव वेतोबाला भाविक केळ्यांचे घड वाहतात, तशाच चामड्याच्या भल्यामोठ्या चपलाही अर्पण करतात. रात्री वेतोबा गावाची राखण करीत हिंडतो आणि म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. पुराणकथांतील वेताळ हा भुतांचा अधिपती, स्मशानात वावरणारा. सिंधुदुर्गात मात्र तोच गावाचा राखणदार झाला. ज्याचे भय वाटावे त्याच्याच भरवशावर गावाने निर्धास्त झोपावे, असा हा दुहेरी स्वभाव आहे. चित्रकाराची खरी कसोटी येथेच लागते. त्याने भय रंगवावे की भरवसा? चित्रकथांमधील गूढ व्यक्तिरेखांकडे पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर कथानकाइतकेच रेषेच्या शैलीवर अवलंबून असते, हे ध्यानात येते.

मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना वेताळ प्रथम भेटला तो ‘चांदोबा’ मासिकात. खांद्यावर प्रेत, हाती तलवार आणि न डगमगता चाललेला राजा विक्रम, हे चित्र आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. ते रेखाटले ‘शंकर’ या नावाने परिचित असलेल्या के. सी. शिवशंकरन यांनी. त्यांचे २०२० साली चेन्नईत निधन झाले. शंकर यांची रेषा नाजूक, तपशिलांत रमणारी होती. त्यांच्या चित्रात स्मशानही नीट न्याहाळता येते. त्यामुळे भीतीपेक्षा कुतूहल वरचढ ठरते आणि ते योग्यच आहे. कारण या कथांमधला वेताळ राजाला घाबरवीत नाही, कोडी घालतो. बुद्धीचा खेळ मांडणाऱ्या भुताला स्वच्छ, सुस्पष्ट रेषाच शोभते.

दुसरा वेताळ आला परदेशातून. ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांसाठी निर्मिलेला ‘फँटम’ मराठी वाचकांना ‘वेताळ’ या नावाने भेटला, तो १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. हा खरे तर भूत नव्हेच! मुखवटा पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे जातो आणि जंगलातील लोकांना वाटते, हा अमर आहे. म्हणजे येथे चित्रकाराला ‘भूत असल्याचा भास’ रंगवायचा असतो.

हा भास तीन चित्रकारांनी तीन तऱ्हांनी साधला. पहिले रे मूर. त्यांचा नायक सावल्यांतून उमटतो आणि सावल्यांतच विरतो. तो माणूस की पिशाच, ही शंका वाचकाच्या मनात जागी राहते. पुढे विल्सन मॅकॉय आले. त्यांची रेषा साधी, काहीशी बाळबोध. तिच्यात अंधार कमी. पण आजीने सांगितलेल्या गोष्टीचा भाबडा खरेपणा आहे. मॅकॉय यांच्या मृत्यूनंतर १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ साय बॅरी यांनी ही मालिका रेखाटली. त्यांचा वेताळ पीळदार, रेखीव आणि उजेडात वावरणारा. भारतीय मनावर ठसला तो मुख्यतः हाच. मूर यांच्या वेताळाचे भय वाटते, तर बॅरी यांच्या वेताळाचा आधार वाटतो. नायक तोच, पोशाखही तोच. बदलले ते केवळ छायाप्रकाशाचे प्रमाण.

वेतोबाच्या दुहेरी स्वभावाच्या अधिक जवळ जाणारी व्यक्तिरेखा म्हणजे माइक मिन्योला यांचा ‘हेलबॉय’. १९९३ मध्ये अवतरलेला हा नायक जन्माने सैतानाच्या कुळातला, पण माणसांत वाढलेला आणि माणसांचे रक्षण करणारा. मिन्योला यांच्या चित्रांत काळ्या रंगाचे सपाट, मोठे तुकडे असतात. तपशील मोजकेच. आकृती पाषाणमूर्तीसारख्या स्तब्ध. काय दाखवावे यापेक्षा काय झाकावे, याचा विचार तेथे अधिक आहे. २००७ पासून डंकन फेग्रेडो यांनी हीच व्यक्तिरेखा हाती घेतली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भावनांची चलबिचल आली. २००८ मध्ये रिचर्ड कॉर्बेन यांनी ‘द क्रुकेड मॅन’ ही कथा चितारली. अमेरिकेतील डोंगराळ मुलखाच्या या लोककथेत त्यांनी सुरकुतलेली कातडी आणि भरीव, मांसल देह असे रेखाटले की किळस आणि करुणा एकाच वेळी दाटून यावी. देवत्वासाठी मिन्योला, मनोव्यापारासाठी फेग्रेडो आणि मातीच्या वासासाठी कॉर्बेन, असे म्हणता येईल. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. कथेच्या कोणत्या अंगाला कोणती रेषा मानवते, हे पाहावे लागते.

एवढ्या दूरवर जाऊन पुन्हा सिंधुदुर्गात परतावे, तर कुडाळजवळच्या पिंगुळी गावात चित्रांतून कथा सांगण्याची परंपरा कॉमिक्सच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. ठाकर समाजातील चित्रकथी कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक पुढे करीत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. एका कथेच्या अशा चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. टपोरे डोळे, ठसठशीत बाह्यरेषा आणि सपाट रंग ही या शैलीची ओळख. या कलेची जपणूक करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. पिंगुळीच्या चित्रातला राक्षस अंगावर येत नाही. तो स्तब्ध उभा असतो. त्याच्यात प्राण फुंकतो तो गाणाऱ्याचा आवाज. ही स्तब्धता उणीव नव्हे. मिन्योला यांची आकृती ज्या कारणाने प्रभावी ठरते, तेच बळ या चित्रांतही आहे.

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये घरोघरी पोहोचली, तेव्हा कोकणातील भुताखेतांविषयीचे कुतूहल किती जागे आहे, हे दिसून आले. उद्या कोणी तरुण चित्रकार कोकणच्या राखणदारावर चित्रकथा काढू लागला, तर रक्ताळलेले दात आणि विस्फारलेले डोळे ही परदेशी भयपटांची तयार सामग्री त्याच्या हाताशी असेलच. पण तिच्यातून उतरेल ते केवळ भूत. ज्याच्यासाठी गाव चपला घडवून आणतो, तो वेतोबा तिच्यातून निसटेल. त्याच्यासाठी मूर यांचा अंधार हवा आणि बॅरी यांचा दिलासाही. या दोहोंना एकत्र बांधणारी स्तब्ध, ठाम रेषा पिंगुळीच्या पोथ्यांत शतकानुशतके आहे. झिजलेल्या चपलेची श्रद्धाही चित्रकाराला हेच शिकवते. राखणदार प्रत्यक्ष दिसत नाही. तो येऊन गेल्याची खूण तेवढी दिसते. ती खूण नेमकी रेखाटता आली, तर भय आणि भरवसा दोन्ही एकाच चौकटीत मावतील.