विंगेतला प्रॉम्प्टर
गोव्यातील देवळांच्या उत्सवी नाटकांत शेतकरी, कारकून, शिक्षक असे सारेच तोंडाला रंग लावतात आणि विंगेतला प्रॉम्प्टर त्यांना सांभाळून नेतो. त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. मग स्मरण मंदावलेले वृद्ध (यांतल्या कित्येकांनी तारुण्यात स्त्रीपार्ट गाजविले असतील!) आणि बौद्धिक दिव्यांग प्रौढ यांनी मांडवात नुसते प्रेक्षक म्हणूनच का बसावे? ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथे १९८७ साली स्थापन झालेली ‘बॅक टू बॅक’ ही नाट्यसंस्था बौद्धिक दिव्यांग नटांच्याच बळावर उभी आहे. २०२४ साली व्हेनिसच्या रंगमहोत्सवात तिला सुवर्णसिंह पुरस्कार लाभला, तो दयेपोटी खचित नव्हे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सांस्कृतिक जीवनातील समान सहभाग मान्य केलेला आहे. उत्सव समित्यांनी यंदा भूमिका वाटताना या मंडळींचीही दारे ठोठवावीत आणि तालमी चार अधिक घ्याव्यात.