बिनतारी संवेदकाचे मौन

काशीक्षेत्री गंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या पश्चिम तीरावर, दुर्गा घाटाला लागून, ब्रह्मा घाट उभा आहे. अठराव्या शतकात काशीस येऊन स्थायिक झालेल्या नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव या घाटाच्या पक्क्या बांधकामाशी निगडित आहे. घाटामागील अरुंद गल्ल्यांतून मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. पावसाळ्यात गंगा किती चढली हे जाणण्याचा येथील सर्वांत सोपा उपाय म्हणजे उघड्या राहिलेल्या पायऱ्या मोजणे. परंतु रात्री दोन वाजता पायऱ्या मोजावयास कोण जाणार?

नदीची अधिकृत पातळी केंद्रीय जल आयोग राजघाट येथे मोजतो. वाराणसीसाठी इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर अशी ठरलेली आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अलीकडे २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी ऑगस्ट महिन्यात गंगेने धोक्याची पातळी ओलांडली. सरकारी मापनाने शहराला इशारा मिळतो हे खरे. परंतु आपल्याच घाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले आहे हे नावाड्याला, घाटावरील दुकानदाराला किंवा खालच्या मजल्यावर धान्य साठविणाऱ्या गृहिणीला कळले, तर नाव वर ओढण्यास व पोती हलविण्यास एक-दोन तासांची सवड मिळते.

असे समजू, की विज्ञानाची आवड असलेल्या कोणा विद्यार्थ्याने ही सवड मिळवून देणारे छोटे यंत्र बनविण्याचे मनावर घेतले आहे. घाटाच्या भिंतीवर एक संवेदक बसवावयाचा. त्याने अश्राव्य ध्वनीचा ठोका खाली पाण्यावर पाठवावयाचा आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळावरून पाण्याचे अंतर काढावयाचे. ते अंतर दर दहा मिनिटांनी एका चिमुकल्या प्रक्षेपकाने बिनतारी संदेशाच्या रूपाने धाडावयाचे, आणि काठाकाठानेच सुमारे ३०० मीटर अंतरावर असलेल्या एका उंच घराच्या गच्चीवरील ग्राहकाने तो संदेश टिपावयाचा. असे सुटे भाग आज बाजारात अल्प किमतीस मिळतात. घरातील मेजावर हे यंत्र बिनचूक चालते. घाटावर नेल्यावर दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी एक संदेश चुकतो, चौथ्या दिवशी लागोपाठ पाच. पुढे कधी तासभर सर्व सुरळीत, तर कधी रात्रभर पूर्ण शांतता.

पूर्णपणे बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असे अधूनमधून बोलणारे यंत्र अधिक फसवे असते. ग्राहकाच्या पडद्यावर शेवटचा आकडा तसाच झळकत राहतो आणि पाहणारा समजतो, की पाणी स्थिर आहे.

अशा वेळी नवशिक्याचा पहिला संशय प्रक्षेपकाच्या शक्तीवर जातो, आणि तो अधिक शक्तीचा प्रक्षेपक विकत आणतो. तत्पूर्वी थोडे गणित केलेले बरे. प्रक्षेपकाची शक्ती २५ मिलिवॉट आणि लहरींची कंप्रता ८६६ मेगाहर्ट्‌झ धरली, तर मोकळ्या अवकाशात ३०० मीटर अंतरावर साध्या एरियलला मिळणारी शक्ती सुमारे बारा कोटी पटींनी घटलेली असते. म्हणजे ती एका वॉटच्या पाचशे कोटीव्या भागाइतकी उरते. हा आकडा वाचून छाती दडपते खरी. तथापि लोरा नामक पद्धतीने चालणारा आधुनिक ग्राहक याच्याही एक लक्षांश शक्तीचा संदेश वाचू शकतो. याचा अर्थ असा, की शक्ती मुळात गरजेपेक्षा लक्षावधी पटींनी अधिक आहे. मग ती जाते कोठे? की ती निघतच नाही? तिढा आहे तो येथेच.

बिनतारीच्या आरंभकाळी ग्राहकात कोहिरर नावाची धातूच्या कणांनी भरलेली नळी असे. एक संदेश येऊन गेला, की ते कण एकमेकांना चिकटून बसत आणि पुढच्या संदेशासाठी नळीला टिचकी मारावी लागे. ऑलिव्हर लॉज यांनी ही टिचकी आपोआप पडावी अशी योजना केली होती. आज यंत्र गप्प झाले, की ते बंद करून पुन्हा सुरू करणारा हौशी कारागीर ती टिचकीच मारीत असतो. फरक इतकाच, की लॉज यांना आपण टिचकी का मारतो हे ठाऊक होते.

दोष शोधण्याची पहिली पायरी म्हणजे यंत्राला अधिक बोलते करणे. प्रत्येक संदेशात पाण्याच्या अंतराबरोबर आणखी दोन गोष्टी घालाव्यात : संदेशाचा अनुक्रमांक, आणि प्रक्षेपण चालू असतानाच मोजलेला बॅटरीचा दाब. ग्राहकाने त्यापुढे स्वतःची दोन टिपणे जोडावीत : संदेश मिळाल्याची वेळ आणि मिळालेल्या लहरींची तीव्रता. ही तीव्रता मोजण्याची सोय बहुतेक ग्राहकांत असतेच. ती वाचण्याचे कष्ट मात्र थोडे लोक घेतात. आठवडाभर अशी वही ठेवली, की मौनाचे निरनिराळे प्रकार डोळ्यांपुढे येतात. अनुक्रमांक ४१२ नंतर एकदम ४१७ आला, तर चार संदेश निघाले परंतु पोहोचले नाहीत. ४१२ नंतर पुन्हा १ आला, तर यंत्र मध्येच बंद पडून नव्याने सुरू झाले. आणि बऱ्याच शांततेनंतर नेमका ४१३ च आला, तर त्या काळात यंत्राने संदेश पाठविलाच नव्हता. बिचारे संवेदकाच्या उत्तराची वाट पाहत अडकून पडले होते, आणि दोष बिनतारीचा नव्हताच.

अनुक्रमांक पुन्हा १ वर येत असेल, तर प्रथम बॅटरीकडे वळावे. असले यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते आणि तेव्हा त्यास काही मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह लागतो. परंतु प्रक्षेपणाच्या क्षणी ते एकदम चाळीस मिलिअँपिअर, आणि पूर्ण शक्तीवर शंभराहूनही अधिक मागते. जुनी बॅटरी, बोटभर लांबीच्या बारीक तारा, सैल जोडण्या या सर्वांना स्वतःचा विरोध असतो. प्रवाह वाढताच त्या विरोधापोटी दाब कोसळतो. ही घसरण काही सहस्रांश सेकंदच टिकते, त्यामुळे साध्या मापकावर ती दिसत नाही; मापक शांतपणे ३.३ व्होल्ट दाखवीत राहतो.

येथे एक चमत्कारिक परंतु उपयुक्त चाचणी आहे. प्रक्षेपकाची शक्ती मुद्दाम कमी करून पाहावी. शक्ती कमी केल्यावर संदेश जर अधिक नियमित येऊ लागले, तर दोष हवेत नसून तारांत आहे असे खुशाल समजावे. उपायही स्वस्त आहे : प्रक्षेपकाच्या अगदी पायाशी, त्याच्या वीज घेण्याच्या दोन टोकांमध्ये, दहा ते शंभर मायक्रोफॅरडचे धारित्र म्हणजेच कपॅसिटर जोडावयाचे. माठातून पेला भरण्यापूर्वी जसा तांब्या जवळ भरून ठेवावा, तसा हा क्षणिक गरजेसाठी केलेला साठा होय. एन-आर-एफ-२४ नावाचा जो स्वस्त प्रक्षेपक शाळा-महाविद्यालयांतून सर्रास वापरला जातो, त्याच्या अनेक तक्रारी या एका धारित्राने मिटतात.

अनुक्रमांकात खंड आहे, यंत्र मात्र जिवंत आहे, अशा वेळी एरियल तपासावे. ८६६ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर असते. तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे ८.७ सेंटिमीटर लांबीची सरळ उभी तार हे चांगले एरियल होय. बाजारात दिसावयास सारखीच परंतु ४३३ मेगाहर्ट्‌झसाठी बनविलेली एरियले मिळतात, आणि ती बसविली तर प्रक्षेपकाची बरीचशी शक्ती बाहेर न पडता परत फिरते. एरियल पत्र्याच्या पेटीत कोंडणे, बॅटरीला चिकटविणे किंवा ओल्या दगडी भिंतीस टेकविणे हेही तितकेच घातक. दोन्ही टोकांची एरियले एकाच दिशेत, शक्यतो उभी असावीत. आणि एरियल न जोडता प्रक्षेपक कधीही सुरू करू नये. बाहेर जाऊ न शकलेली शक्ती त्याच्याच अंगावर उलटते.

कंप्रतेची निवड केवळ सोयीची बाब नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ साली परवान्यावाचून वापरण्यास खुला झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. अमेरिकेसाठी बनविलेले ९१५ मेगाहर्ट्‌झचे प्रक्षेपक आपल्याकडे या सवलतीत बसत नाहीत. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झचा पट्टाही खुला आहे, परंतु तेथे घरोघरचे वायफाय, ब्लूटूथची साधने आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्ट्या यांची एकच गर्दी असते. सणासुदीच्या संध्याकाळी घाटावर माणसे दाटली, की प्रत्येकाच्या खिशातील फोन त्याच पट्ट्यात बोलू लागतो. शिवाय मानवी शरीरात बहुतांश पाणीच असल्याने ते या लहरी शोषूनही घेते. दुपारी उत्तम आणि संध्याकाळी मुके असे यंत्र या पट्ट्यात असेल, तर नवल नाही.

कधी कधी आपलेच एक यंत्र दुसऱ्याचा घात करते. घाटावर दोन संवेदक असून दोघेही दहा मिनिटांनी बोलत असले, तर त्यांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोन स्फटिकांच्या गतीत दहा लाखांत वीस इतका फरक असला, तरी दर फेरीस बारा सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते. सरकत सरकत दोघे एकाच क्षणी बोलू लागतात. प्रत्येक संदेश पन्नास सहस्रांश सेकंदांचा धरला, तर ही टक्कर सुमारे आठ फेऱ्या, म्हणजे सव्वा तासाहून थोडी अधिक टिकते, आणि मग दोष आपोआप नाहीसा होतो! तेवढ्यात कोणी तार हलविली असेल, तर श्रेय तारेला मिळते. दर वेळी काही सेकंदांचा यादृच्छिक विलंब टाकला, की लागोपाठ टकरी होत नाहीत.

हे सर्व झाले, तरी जागेचा प्रश्न उरतो, आणि ब्रह्मा घाटासारख्या ठिकाणी तोच सर्वांत कठीण आहे. बिनतारी लहर प्रक्षेपकाकडून ग्राहकाकडे एखाद्या ताणलेल्या दोरीसारखी जात नाही. तिला भोवती मोकळी जागा लागते. ३०० मीटर अंतरासाठी ८६६ मेगाहर्ट्‌झवर ही जागा मध्यभागी सुमारे पाच मीटर त्रिज्येची असते. संवेदकाचे एरियल पाण्यापासून तीन मीटर आणि ग्राहकाचे दहा मीटर उंच असेल, तर मार्गाचा मध्य पाण्याच्या वर साडेसहा मीटर येतो आणि सर्व ठीक चालते. गंगा दोन मीटर चढली, की तो साडेचार मीटरवर येतो व पाणी त्या मोकळ्या जागेत शिरते. त्याहून वाईट म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर ग्राहकापाशी एकत्र येतात. अगदी तिरप्या कोनात परावर्तन होताना लहर उलटी होते. आणि एरियल पाण्याच्या जितके जवळ, तितके दोन्ही मार्ग लांबीने सारखे, म्हणून तितक्याच त्या दोन लहरी परस्परांना अधिक खोडून काढतात.

परिणाम असा, की पूर कळावा म्हणून बसविलेले यंत्र नेमके पूर येतानाच क्षीण होत जाते. मार्च महिन्यात केलेल्या कितीही कसून केलेल्या चाचणीत हा दोष सापडावयाचा नाही. कारण तेव्हा पाणी दूर खाली असते. ग्राहकाच्या वहीत मात्र तो आधीच उमटू लागतो : संदेश अजून सर्व येत आहेत, परंतु पाणी चढते तसतशी तीव्रता दिवसेंदिवस उतरते आहे. म्हणूनच तीव्रतेचे टिपण ठेवण्याचा एवढा आग्रह.

उपाय संवेदक हलविणे हा नव्हे, तर त्याच्या एरियलची उंची वाढविणे हा होय. संवेदक पाण्यावर राहू द्यावा. प्रक्षेपकाची पेटी आणि एरियल मात्र भिंतीच्या माथ्यावर, १९७८ च्या ७३.९०१ मीटरच्याही बरेच वर न्यावे, आणि दोहोंमध्ये जलरोधक तार टाकावी. ही तार संवेदकाच्या बाजूची असावी. एरियलची लांब तार स्वतःच शक्ती खाते. पेटीतील छिद्रे खालच्या अंगास असावीत, नाहीतर श्रावणातील दमट हवा रात्री आत दव होऊन बसते.

ग्राहकाने प्रत्येक संदेशाची पावती परत धाडावी आणि पावती न मिळाल्यास प्रक्षेपकाने संदेश पुन्हा पाठवावा, ही पद्धत चांगली आहे. पुष्कळशा यंत्रांत ती तयारच मिळते. परंतु ती शेवटी सुरू करावी. आधीच सुरू केली, तर पुन्हापुन्हा पाठविण्याच्या खटपटीत मूळ दोष झाकला जातो आणि बॅटरी मात्र महिन्याऐवजी आठवड्यात संपते. किती वेळा पुन्हा पाठवावे लागले, हा आकडाही संदेशात जावा.

राहता राहिला ग्राहकाचा पडदा. त्यावर शेवटचा आकडा कायम ठेवण्याची सवय प्रथम मोडावी. आकड्यासोबत तो केव्हा आला ती वेळ दाखवावी, आणि लागोपाठ तीन संदेश चुकले, म्हणजे अर्धा तास लोटला, की आकडा पुसून तेथे ‘संदेश नाही’ असे मोठ्या अक्षरांत यावे व घंटा वाजावी. मग रात्री दोन वाजता ज्याची झोप मोडेल त्याने कंदील नव्हे, तर विजेरी घेऊन घाटाच्या माथ्यावर जावे आणि तेथूनच उरलेल्या पायऱ्या मोजून याव्यात.