ताकाओ : लहान पर्वताची मोठी मिरास

जपानातील पर्वतांचा विषय निघाला म्हणजे ३,७७६ मीटर उंचीच्या फुजीचे नाव सर्वांच्या आधी ओठांवर येते. परंतु तोक्योतील सामान्य गृहस्थ शरद ऋतूतील सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन ज्याच्याकडे निघतो, तो ताकाओ पर्वत अवघ्या ५९९ मीटरांचा आहे. शिंजुकू स्थानकावर केइओ रेल्वेच्या गाडीत बसले की तासाभराच्या आत त्याचा पायथा गाठता येतो. आणि वर्षाकाठी २५ लाखांहून अधिक माणसे तो गाठतात.

चढण्याच्या वाटांना येथे क्रमांक दिलेले आहेत. पहिली वाट बव्हंशी फरसबंदी असून देवालयाच्या प्रांगणातून जाते. चौथी दाट अरण्यातून व एका झुलत्या पुलावरून, तर सहावी ओढ्याच्या काठाकाठाने, ज्या बिवा धबधब्याखाली उभे राहून तपस्वी आजही जलसाधना करतात त्याच्या जवळून वर चढते. ज्यांना एवढेही श्रम नकोत त्यांच्यासाठी १९२७ साली दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. तिचा सर्वांत तीव्र चढ ३१ अंश १८ कलांचा, म्हणजे जपानातील अशा रेल्वेमार्गांत सर्वाधिक आहे. वाटेतल्या उपाहारगृहांत किसलेला कंद घालून दिल्या जाणाऱ्या सोबा शेवया खाल्ल्यावाचून ही यात्रा पुरी झाली असे कोणी मानीत नाही.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येथील मेपल वृक्ष लाल होतात. दिवस आखूड व रात्री थंड होऊ लागल्या की पानांतील हरितद्रव्य विघटित होते, आणि आजवर त्याखाली झाकलेला पिवळा रंग प्रकट होतो. लाल रंगाची उत्पत्ती मात्र नवी असते, कारण देठाचा मार्ग बंद होत आल्यामुळे पानातच अडकलेल्या शर्करेपासून तो तयार होतो. म्हणूनच स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार रात्री ज्या वर्षी लाभतात, त्या वर्षी हा रंगोत्सव अधिक खुलतो. दक्षिण उतारावर उष्ण प्रदेशातील सदाहरित ओक आणि उत्तर उतारावर थंड प्रदेशातील पानगळीचे बीच, अशी दोन अरण्ये या लहानशा पर्वतावर पाठीला पाठ लावून उभी आहेत, आणि सुमारे १,६०० जातींच्या वनस्पती येथे नोंदल्या गेल्या आहेत.

महानगराच्या इतक्या निकट ही संपदा टिकली कशी, याचे उत्तर धर्म आणि राजशासन या दोहोंत सापडते. सम्राट शोमूच्या आज्ञेने ग्योकी या भिक्षूने ७४४ साली येथे याकुओइन मंदिराची स्थापना केली, अशी परंपरा आहे. हे मंदिर शिंगोन या बौद्ध पंथाचे. भारतातून चीनमार्गे जपानात पोहोचलेला होमविधी येथे अद्यापि नित्य चालतो. लांब नाकाचे किंवा पक्ष्याच्या चोचीचे तेंगू नावाचे अद्भुत जीव हे येथील दैवताचे सेवक मानले जातात, आणि त्यांच्या वसतिस्थानावर कुऱ्हाड चालविण्यास सहसा कोणी धजत नसे. सोळाव्या शतकात या मुलखाचा सरदार होजो उजितेरू याने वृक्षतोडीस मनाईचा हुकूम काढला. पुढे तोकुगावा शोगुनांच्या अंमलात हे अरण्य खालसा राहिले, सम्राट मेइजीच्या काळात राजघराण्याच्या मालकीचे झाले, आणि १९६७ साली त्याला संरक्षित उद्यानाचा दर्जा मिळाला.

मालक बदलले, दफ्तरे बदलली; मनाई तेवढी कायम राहिली. आज शरदात जो लाल-पिवळा शालू पाहण्यास लोक लोटतात, तो निसर्गाइतकाच या दीर्घ बंदोबस्ताचाही आहे. मात्र देवाच्या आणि दंडाच्या भयाने जे अरण्य शतकानुशतके राखले, त्याचे रक्षण आता मुख्यतः चढणाऱ्यांच्या सौजन्यावर अवलंबून आहे. आणि आपला केरकचरा आपल्याच पिशवीतून घरी नेण्याची जपानी पदयात्रिकाची शिस्त पाहिली, म्हणजे जुन्या हुकुमाची अंमलबजावणी योग्य हातांत गेली आहे असेच म्हणावे लागते.