हलवायाच्या कढईतील स्फटिक

पौष महिना उजाडला की किराणा दुकानांच्या दर्शनी भागात पांढऱ्या काटेरी हलव्याच्या पिशव्या दिसू लागतात. फाल्गुन सरत आला की त्याच खुंटीवर साखरेच्या गाठ्या लोंबतात. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी लाह्यांच्या पोत्याशेजारी बत्ताशांचा ढीग पडतो. लोणावळ्याहून येणारा पाहुणा चिक्की आणतो आणि पंढरपूरहून परतलेली आजी पदराच्या गाठीतून साखरफुटाणे काढून हातावर ठेवते. या वस्तूंच्या चवीबद्दल तुम्हाला मी काही सांगण्याची गरज नाही. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? तीळ, दाणे, फुटाणे बाजूला काढले तर या सर्वांत साखर किंवा गूळ आणि किंचित पाणी यांखेरीज जवळजवळ काहीच नसते. असे असताना बत्तासा जिभेवर ठेवताच विरतो, गाठी भुसभुशीत तुटते, चिक्की काचेसारखी कडकन मोडते आणि खडीसाखरेचा खडा दाताला दाद देत नाही. हे कसे होते, याचे उत्तर हलवायाच्या कढईत आहे.

प्रथम पाकाकडे पाहू. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते. पाणी उकळते असेल तर तेवढ्याच पाण्यात जवळजवळ पाच किलो साखर सामावते. हलवाई अशी मोजदाद करीत नाही. तो साखर भिजेल इतके पाणी घालतो आणि कढई भट्टीवर चढवतो. पाकातील मळ काढण्यासाठी तो थोडे दूध शिंपडतो. दुधातील प्रथिने उष्णतेने साकळतात, मळाचे बारीक कण आपल्यात गुरफटून घेतात आणि त्याची साय वर येते. ती झाऱ्याने काढून टाकली की पाक नितळ होतो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाच्या रसासाठी हेच काम भेंडीच्या चिकट रसाकडून करवून घेतात.

आता पाक उकळू लागतो, पण त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसला थांबत नाही. साखरेचे रेणू दाटीवाटीने भरलेले असल्यामुळे पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन निसटणे अवघड जाते आणि उत्कलनबिंदू वर सरकतो. पाणी जसजसे कमी होईल तसतसा तो आणखी चढतो. म्हणजे उकळत्या पाकाचे तापमान कळले की त्यात पाणी किती उरले हेही कळते. ११२ ते ११६ अंशांच्या दरम्यान पाकात साखर सुमारे ८५ टक्के असते. हा आपला गोळीबंद पाक. त्याचा थेंब गार पाण्यात टाकला तर त्याची मऊ गोळी वळता येते. पारा १५० अंशांच्या आसपास गेला की पाणी जेमतेम एक टक्का उरते आणि थेंब पाण्यात पडताच कडक होऊन तडकतो.

हलवायाजवळ तापमापक नसतो. तो पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून बोटे दूर करतो आणि तार किती निघते ते पाहतो. एकतारी, दोनतारी ही मापे यातूनच आली. खरे म्हणजे तो पाकाची श्यानता म्हणजे घट्टपणा मोजत असतो. हे माप ओबडधोबड आहे असे कोणी समजू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी ९८ अंशांनाच उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तेथे ते ९५-९६ अंशांना उकळू लागते. मुंबईत ११५ अंशांवर मिळणारा पाक महाबळेश्वरला ११०-१११ अंशांवरच तयार झालेला असतो. पुस्तकातील आकडा पाहून तेथे ११५ अंशांची वाट पाहणाऱ्याचा पाक पुढे जाईल. दोन बोटांत निघणारी तार मात्र मुंबईत आणि महाबळेश्वरात सारखीच. तापमापक वापरायचाच असेल तर आधी त्याने आपल्या गावच्या उकळत्या पाण्याचे तापमान पाहावे आणि पाकाचे तापमान त्याच्या किती वर आहे एवढेच मोजावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक बहुधा ११० अंशांपर्यंतच असतो हेही ध्यानात ठेवा, नाहीतर तो फुटेल. या कामाला २०० अंशांपर्यंतचा हवा.

पाक झाला. आता त्याचे काय करायचे यावर सगळे अवलंबून आहे.

पाक निवू लागला की त्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर राहते. अशा द्रावणाला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. जास्तीची साखर बाहेर पडू पाहते आणि तिचे रेणू एका ठराविक रचनेत ओळीने बसू लागतात. हाच स्फटिक. गाठ्या करणारा कारागीर कढईच्या कडेला थोडा पाक पळ्याने घोटतो. घोटण्याने तेथे असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार होतात, पाक दुधाळ दिसू लागतो आणि ते स्फटिक बियाण्यासारखे सगळ्या पाकात मिसळतात. दोरा ओवून ठेवलेल्या लाकडी साच्यांत हा पाक ओतला की थोड्याच वेळात पदके घट्ट होतात. बियाणे भरपूर म्हणून स्फटिक अगणित आणि बारीक, म्हणून गाठी पांढरीशुभ्र आणि भुसभुशीत. खडीसाखर करणारा याच्या नेमके उलट वागतो. तो पाकाला हलवत नाही, दोरे सोडून ठेवतो आणि सावकाश निवू देतो. दोऱ्यावर थोडेच स्फटिक धरतात, त्यांना वाढायला दिवसच्या दिवस मिळतात आणि ते बोराएवढे होतात. साखर तीच, फरक वेळेचा आणि बियाण्याचा.

बत्तासा या दोघांचा धाकटा भाऊ. दाट पाकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून तो जोराने फेटतात. गरम पाकात सोड्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, पाक फसफसतो आणि चटईवर टाकलेले थेंब फुगलेल्या स्थितीतच गोठतात. बत्तासा मोडून भिंगाखाली पाहा, आतील पोकळ्या दिसतील. जिभेवरची लाळ त्या पोकळ्यांतून एकाच वेळी सगळीकडे पोहोचते, म्हणून तो चटकन विरघळतो.

चिक्कीची गोष्ट वेगळी. तिच्यात स्फटिक होऊ द्यायचेच नसतात. कडक पाक दाण्यांसह ओट्यावर पसरून लाटला की तो इतक्या लवकर गार आणि घट्ट होतो की रेणूंना ओळीत बसायला सवडच मिळत नाही. ते जसे होते तसेच अडकून पडतात. अशा अस्फटिकी घन पदार्थाला काच म्हणतात. खिडकीची काच वाळूपासून, चिक्कीची काच गुळापासून. दोन्ही मोडतात ते एकाच ढंगाने. गुळाचा येथे आणखी एक उपयोग होतो. त्यात साखरेबरोबर थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज असते. हे वेगळ्या आकाराचे रेणू मध्ये घुसून साखरेच्या रेणूंची रांग मोडतात. जिलेबीचा पाक करणारा त्यात लिंबू पिळतो तेही याच कारणाने. लिंबातील आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि पाकाला खडे धरत नाहीत. पण फ्रुक्टोजला हवेतील ओल ओढून घ्यायची खोड आहे. आषाढात उघडी राहिलेली चिक्की हाताला का चिकटते, याचे कारण आता तुम्हीच सांगू शकाल.

या सगळ्यांत मला स्वतःला सर्वांत नवल वाटते ते काटे हलव्याचे. परातीत तीळ घेऊन ती मंद शेगडीवर ठेवतात आणि चमचा चमचा पाक घालीत बोटांनी तीळ सतत फिरवीत राहतात. एक थर वाळला की दुसरा. हे तासन् तास, कधी कधी काही दिवस चालते. बोटे भाजतात, पाठ आखडते. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर जे हलव्याचे दागिने चढतात, त्यांतला एकेक दाणा असा घडलेला असतो. आता पुष्कळसा हलवा फिरत्या भांड्यांत होतो, साखरफुटाणेही तसेच, आणि घरी परातीत हलवा करणाऱ्या बायका फार थोड्या राहिल्या आहेत.

पण काटे का येतात? पाक सगळीकडे सारखा लागतो, दाणा सगळ्या बाजूंनी फिरतो, तर मग तो गोट्यासारखा गुळगुळीत व्हायला हवा. असाच एक पदार्थ जपानमध्ये आहे, त्याचे नाव कोनपेइतो. हे नाव ‘कोन्फेइतो’ या पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. लुईश फ्रोईश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने १५६९ साली ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला या मिठाईची बाटली भेट दिली होती. आपल्या हलव्यासारखीच ती फिरत्या गरम भांड्यात थरावर थर चढवून करतात आणि एका घाण्याला एक-दोन आठवडे लागतात. तिची शिंगे पाहून तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) हे टोकियोच्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ विचारात पडले. सर्व दिशा सारख्या असताना काही दिशांनाच शिंगे का फुटावीत, हा प्रश्न त्यांनी लेख लिहून मांडला. इतर विद्वानांना तो पोरखेळ वाटला असता, तेरादांना मात्र त्यात निसर्गाचा एक नियम दडलेला दिसला.

उत्तराची दिशा साधारण अशी. कोणताही दाणा अगदी गुळगुळीत नसतो. दाणे भांड्यावर घरंगळताना त्यांचे उंचवटे आधी टेकतात, तेथे पाक आधी लागतो आणि गरम तळाला टेकल्याने आधी वाळतोही. पुढच्या खेपेला तो उंचवटा आणखी थोडा पुढे आलेला असतो, म्हणून त्याला आणखी जास्त वाटा मिळतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच अधिक, असा हा हिशेब. अगदी बारकासा फरक अशा रीतीने वाढत वाढत काटा होतो. हिमकणांच्या नाजूक फांद्याही अशाच बारक्या उंचवट्यांतून वाढतात, मात्र तेथे पाकाच्या जागी हवेतील बाष्प असते.

गुळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या घरच्या पिशवीत आहे. गिऱ्हाईक दुकानात पिवळाधमक गूळ मागते, तांबूस-काळपट गूळ मळका समजते. म्हणून काही गुऱ्हाळांत रसात ‘हायड्रॉस’ म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकून रंग उडवतात. काकवीचा आणि तापलेल्या साखरेचा नैसर्गिक रंग तांबूसच असतो. हायड्रॉसचा गूळ काही काळ उजळ दिसतो, पुढे हवेने पुन्हा काळवंडतो, आणि गंधकाची संयुगे मात्र आपल्या पोटात जातात. दमेकऱ्यांना ती विशेष बाधतात. दोष गुळव्याचा जितका, तितकाच पिवळ्यासाठी चार रुपये जास्त मोजणाऱ्याचाही, असे माझे मत आहे. पिवळ्या मिठाईत मेटॅनिल यलो हा खाण्यास मनाई असलेला रंग मिसळल्याची शंका असेल, तर मिठाईचा चुरा कोमट पाण्यात कालवून त्या पाण्यात शिक्षकांच्या देखरेखीखाली हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. पाणी गुलाबी-जांभळे झाले तर तो रंग असण्याचा दाट संभव आहे.

येत्या संक्रांतीला शक्य असेल तर गावात परातीत हलवा करणारे कोणी आहे का ते शोधा आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन बसा. परातीला हात लावू नका. उकळता पाक पाण्यापेक्षा तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे त्याची भाजणूक फार खोल जाते. त्यांना पाकाची तार किती धरता ते विचारा. दर दहा चमच्यांनंतर पाच दाणे मागून घ्या, पट्टीवर ओळीने ठेवून त्यांची लांबी मोजा आणि भिंगातून काटे मोजा. काटे पहिल्या थरांपासून दिसतात की दाणा काही आकाराचा झाल्यावर? एकदा आलेले सगळे काटे टिकतात की मोठे काटे लहानांना गिळतात? यंत्रातल्या हलव्याचे पाकीट आणून तेही शेजारी मांडा. दाणे मात्र मोजून झाल्याशिवाय तोंडात टाकू नयेत.