मोड आलेल्या मटकीचा तास

चौथीतल्या मुलाला विचारा, कर्बोदकं कशात असतात? भात, पोळी, बटाटा, असं उत्तर धडाधड येतं. प्रथिनं? डाळी, दूध, अंडी. 'अ' जीवनसत्त्व? गाजर. परीक्षेत या उत्तरांना पैकीच्या पैकी गुण मिळतात. मग मधली सुट्टी होते आणि हाच मुलगा फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांचा चिप्सचा पुडा फोडतो. पुस्तकातलं गाजर आणि हातातला पुडा यांची गाठ पडावी, अशी सोय त्याच्या शाळेने कधी केलेलीच नसते.

आपल्या प्राथमिक शाळांमध्ये पोषण शिकवत नाहीत, असं मुळीच नाही. परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत अन्नावर पाठ आहेत, व्हरांड्यात अन्नघटकांचे तक्ते आहेत, २०१८ पासून दर सप्टेंबरात 'राष्ट्रीय पोषण माह' साजरा होतो. मुलं प्रभातफेरी काढतात, घोषवाक्यं लिहितात, रांगोळीत भोपळा काढतात. पण तो भोपळा खातं कोण? पाच-दहा वर्षांचं मूल खाणं शिकतं ते हाताळून, चाखून आणि शेजारच्याला खाताना पाहून. शाळेजवळ या तिन्ही गोष्टींची सोय असते, आणि तिचाच वापर सगळ्यांत कमी होतो.

याची निकड किती आहे, ते आकड्यांवरून कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने उंचीला कमी आढळली. सहा महिने ते पाच वर्षं या वयोगटातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. हीच मुलं पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. दुसरीकडे, २०१६-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या दर दहा मुलांमागे साधारण एकाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. उपासमार आणि अति गोड खाणं, दोन्हींचे परिणाम आज एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले असू शकतात.

मुलांच्या आवडीनिवडी कशा घडतात, यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी १९८० च्या दशकापासून बरंच काम केलं. त्यांचे निष्कर्ष आपल्या घरोघरच्या रिवाजाच्या अगदी उलट जातात. नवा पदार्थ पहिल्या घासाला नाकारणं हे लहान मुलांत स्वाभाविक असतं. तोच पदार्थ थोडा थोडा, जबरदस्ती न करता आठ-दहा वेळा पुढे आला, की बरीच मुलं तो खाऊ लागतात. एखादं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर त्यांना ते पेय आधीपेक्षा कमी आवडू लागलं. 'सूप संपव' असं टुमणं लावलेली मुलं सूप कमी प्यायली आणि त्याच्याबद्दल वाईटच जास्त बोलली. 'भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन' या वाक्यातून मूल नेमकं काय शिकतं, ते यावरून समजावं. भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

शाळेत हे वळण बदलणं घरच्यापेक्षा सोपं जातं, कारण तिथे पंगत असते. घरी दुधीभोपळ्याकडे पाठ फिरवणारं मूल शाळेत चार मित्र खाताहेत म्हणून एक घास तरी घेतं.

म्हणून पोषणाचा पहिला तास मोड आलेल्या मटकीचा असावा. खर्च अगदी थोडा आणि साहित्य गावच्या दुकानात मिळणारं. सकाळी शाळा भरताच शंभर ग्रॅम मटकी वजन करून पातेल्यात भिजत घालायची. ती आधी कशी दिसते, हाताला कशी लागते, ते मुलांनी वहीत लिहायचं. संध्याकाळपर्यंत दाणे टपोरे होतात. पाणी काढून पुन्हा वजन केलं, की ते दुपटीच्या आसपास भरतं. हे वजन आलं कुठून, हा प्रश्न मुलांनीच विचारायचा असतो आणि बहुतेक वेळा ती विचारतात. मग मटकी ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच पांढरी शेपटी बाहेर आलेली असते, थंडीत आणखी एक दिवस लागतो. तिसरीचं मूल ती शेपटी पट्टीने मोजू शकतं.

आता यातलं विज्ञान. कोरड्या कडधान्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड येताना ते तयार होतं. कडधान्यातलं लोह अडवून धरणारे फायटेट नावाचे घटक मोड आल्यावर कमी होतात, त्यामुळे ते लोह शरीराला अधिक सहज मिळतं. वाफवलेल्या मटकीवर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून वर लिंबू पिळलं, की त्या लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वानेही लोह शोषायला मदत होते. हे सगळं तक्त्यावर लिहून ठेवलं तर रटाळ वाटेल. पण स्वतः बांधलेलं फडकं सोडून त्यातली मटकी खाणाऱ्या मुलाला ती त्याच्या हातची वाटते, आणि 'मोड आले की काय बदललं' हे त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

याच तासात चहाचा विषय काढायलाच हवा. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत मुलांची सकाळ चहा-बिस्किटाने किंवा चहात बुडवलेल्या पोळीने होते. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे, की जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा टाळावा. रक्तक्षय असलेल्या मुलाला शाळेत आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी मिळते, पण त्याच्या न्याहारीतलं लोह मात्र घरचा चहा अडवत राहतो. मुलाने घरी जाऊन 'आई, मला जेवणाबरोबर चहा नको' एवढं जरी सांगितलं, तरी तो तास कामी आला म्हणायचा.

खरा रोजचा तास मात्र दुपारी भरतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहार सुरू झाला, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलांच्या हाती कोरडा तांदूळ पडत होता. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं गरम अन्न द्यायचा आदेश दिला. २०२१ पासून योजनेचं नाव 'पीएम पोषण' आहे, गावात मात्र अजून 'खिचडी' हाच शब्द चालतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशेब आहे. जून २०२४ मध्ये राज्याने नुसत्या खिचडीपलीकडे जाऊन पाककृतींची यादीच दिली. त्यात पुलाव, मोड आलेली कडधान्यं, तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्वही आलं.

हे आकडे मुलांपासून लपवून का ठेवायचे? चौथीच्या वर्गात गुणाकार शिकवताना ते फळ्यावर मांडावेत. पटावर साठ मुलं, प्रत्येकी पन्नास ग्रॅम भाजी, म्हणजे आज तीन किलो भाजी लागणार. मुलांना ताजव्यात वीस ग्रॅम तूरडाळ मोजू द्यावी, ती तळहातावर घेऊ द्यावी. एकदा ती डाळ हातात घेतलेल्या मुलाला आपल्या ताटात वरण किती पातळ पडलंय, ते कळतं. कळलेलं ते बोलूनही दाखवेल. शिक्षकांना ते अवघड वाटेल, पण मुलाने वाढलेल्या अन्नाबद्दल नेमका प्रश्न विचारणं हेच तर पोषणशिक्षणाचं फळ.

इथे एक खंत नोंदवायलाच हवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं, द्यायचं ठरवलं होतं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं असतात. म्हणजे दुपारच्या जेवणातून अपेक्षित असलेल्या प्रथिनांपैकी निम्मी. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि अंडं व साखर यांचा खर्च लोकसहभागातून भागवावा, असं शाळांना सांगण्यात आलं. जिथे गरज सगळ्यांत जास्त, त्या पाड्यावरच्या शाळेला लोकवर्गणी कोण देणार? फळ्यावर 'प्रथिने: अंडी' लिहायचं आणि ताटातून अंडं काढून घ्यायचं, हे शिकवणं मुलांच्या लक्षात राहतं.

शहरातल्या शाळांचं दुखणं वेगळं आहे. तिथे पुडे वाचायला शिकवावं लागतं. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. एवढी एक गोष्ट माहीत झाली, की पाचवीची मुलं बिस्किटाच्या पुड्याचा कस काढू शकतात. पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि वेष्टनावर चित्र मात्र गव्हाच्या ओंबीचं. ३०० मिलीलिटर शीतपेयात साधारण तीस ग्रॅम साखर असते. पाच ग्रॅमच्या चमच्याने सहा चमचे वाटीत मोजून ठेवले, की वर्ग गप्प होतो. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना असेच 'साखर फलक' लावायला सांगितलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत अति मेद, मीठ व साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे. ही ५० मीटर मुलांना टेपने मोजायला लावावीत.

डब्याबाबत मात्र फार जपून बोलायला हवं. नूडल्स आणणाऱ्या मुलाचा डबा मधोमध उघडतो, आणि भाकरी-ठेचा आणणारी मुलगी झाकणाच्या आडून खाते. सुकटीचा वास आला म्हणून कुणी जागा बदलतं. ही लाज पोषणाच्या मुळावरच येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. पांढऱ्या तांदळाच्या तुलनेत बाजरीत लोह कित्येक पट असतं. सुकवलेली लहान मासळी काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून कॅल्शियमने भरलेली असते. जी गोष्ट लपवली जाते, तीच या डब्यात सगळ्यांत मोलाची, हे बाईंनी वर्गात मोठ्याने सांगायला हवं. तसंच मुलांची वजनं चारचौघांत पुकारू नयेत. 'जाड्या', 'काडी' ही नावं वर्गात पडली, की ते मूल त्या विषयाशी कायमचं अबोला धरतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावरान बियाणं जपण्याच्या त्यांच्या कामाला पुढे पद्मश्री मिळाली. घेवडे, वाल, भोपळे, पालेभाज्या यांचे वाण त्यांनी गोळा केले आणि परसबागांतून पसरवले. शाळेच्या परसबागेला शिक्षण विभागही आता उत्तेजन देतो, स्पर्धाही घेतल्या जातात. शाळेच्या हापशापाशी वाहून जाणाऱ्या पाण्यावर मेथी, पालक, कोथिंबीर सहज होते. शेवग्याला तर पहिल्या वर्षानंतर फारसं पाणीही लागत नाही, आणि त्याचा पाला वरणात घातला तर चव न बिघडता कॅल्शियम वाढतं. एवढ्याशा वाफ्यावर रोजची तीन किलो भाजी निघणार नाही, हे खरं. पण मुलांनी स्वतः पेरलेली मेथी शिजली, की त्या दिवशी ती ताटाबाहेर काढून ठेवणारी मुलं कमी दिसतात.

एकट्या गुरुजींवर हे सगळं टाकून भागणार नाही. त्यांच्यापुढे आधीच तांदळाचा साठा, ऑनलाइन नोंदी आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं असतात. पण शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अन्न वाटण्याआधी मोठ्या माणसांनी चाखून पाहायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. ती वही पालकांना मागता येते. आठवड्याची पाककृती भिंतीवर लावलेली आहे का, आज तीन किलोपैकी भाजी किती आली, ५० मीटरच्या आतली टपरी कुणी हलवायची, हे प्रश्न समितीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घेता येतात. आणि त्या बैठकीला चौथीच्या मुलांनी आपला गुणाकार घेऊन यायलाही कुणाची हरकत नसावी.